पद्मिनीचा डॅशबोर्ड

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचा रस्त्यावरचा हक्क संपला. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत तिची नोंद झाली होती, आणि मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. त्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या फोनवर काळ्या-पिवळ्या गाड्यांचे फोटो फिरले. कुणी सिनेमे आठवले, कुणी पावसात मिळालेली टॅक्सी.

मी ते फोटो मोठे करून करून गाडीच्या आतलं बघत होतो. पांढरं, बारीक कड्याचं स्टिअरिंग. त्याच्या दांड्यालाच बसवलेला गिअर. दोनचार खुंट्या. खाली देवाची तसबीर, वर प्लॅस्टिकची फुलं. एवढ्या साध्या पाटीसमोर बसून हजारो माणसांनी आपलं अख्खं आयुष्य चालवलं. आज दहा-बारा लाखांच्या गाडीत बसलेला माणूस एसीचा वारा कमी करायला रस्त्यावरची नजर काढून स्क्रीनकडे बघतो. हे इथून तिथवर कसं आलं, ते या लेखात बघायचं आहे. या गोष्टीचा बराचसा भाग आपल्याच उपनगरांत घडला आहे.

चिखल अडवणारी फळी

आधी शब्दाचं बघू. डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीत घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, ती डॅशबोर्ड. मुंबईच्या व्हिक्टोरियांनाही अशी आड असायची. त्या व्हिक्टोरिया बंद करायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये दिला, म्हणजे मूळ अर्थाचा डॅशबोर्ड या शहरात परवापरवापर्यंत होता.

मोटार आली, घोडा गेला, फळी राहिली. मग तिच्यावर घड्याळं आणि खुंट्या बसायला लागल्या. कुठली गोष्ट कुठे असावी याचा मात्र सुरुवातीला काही नेम नव्हता. फोर्डची मॉडेल टी ही जगातली पहिली खऱ्या अर्थानं लोकांची गाडी. तिला पायाशी तीन पेडल होती, पण आजची नव्हेत. डावं गिअरचं, मधलं गाडी मागे नेण्याचं, उजवं ब्रेकचं. अ‍ॅक्सिलरेटर पायात नव्हताच, तो स्टिअरिंगखालच्या एका दांडीवर होता. आजचा कुणीही ड्रायव्हर तिच्यात बसला तर पहिल्या नाक्यावर आपटेल. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर हा आजचा क्रम १९१६ च्या एका कॅडिलॅकमध्ये जमून आला आणि १९२२ च्या ऑस्टिन सेव्हननंतर पसरत गेला.

हा क्रम सुंदर आहे म्हणून टिकला नाही. सगळ्यांनी एकच ठेवला म्हणून टिकला. एकदा पाय शिकले की गाडी कुठलीही असो, पायांना पुन्हा शिकवावं लागत नाही.

कुर्ल्याचा कारखाना

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात बनाव्यात हा त्यांचा ध्यास. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या, इथे जोडलेल्या. पुढे कंपनीनं इटलीच्या फियाटशी करार केला. १९६४ पासून तिथे ११०० डिलाइट बनू लागली. तीच गाडी मधे काही काळ प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नाव बदललं, गाडी जवळपास तीच.

घाटकोपरच्या अलीकडे, एलबीएस मार्गाच्या आत हा कारखाना होता. आज त्या जमिनीवर टॉवर आहेत. रस्त्याला अजून प्रीमियरचं नाव आहे, आणि रिक्षात बसून ते नाव घेणाऱ्या बहुतेकांना तिथे मोटारी बनत होत्या हे ठाऊक नसतं.

या गाडीच्या आतली रचना कशी होती? गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, डाव्या हाताला. त्यामुळे दोन पुढच्या सीटच्या मध्ये काही नसायचं आणि पुढे सलग बाकडं बसायचं. टॅक्सीला हे सोयीचं, शेजारी आणखी माणूस बसतो. डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगपासून वीतभर अंतरावर गिअर गाठत. सकाळी गाडी थंड असली की चोकची खुंटी बाहेर ओढायची, इंजिन गरम झालं की आत ढकलायची. दिवे, वायपर, हीटर असेल तर तो, सगळ्याला वेगळी खुंटी किंवा दांडी. काही दाबायची, काही ओढायची, काही फिरवायची. बघावं लागत नसे, हाताला कळे.

मला पद्मिनीचे गोडवे गायचे नाहीत. स्टिअरिंग जड होतं. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. टक्कर झाली तर तो लोखंडी डॅशबोर्ड सरळ छातीशी यायचा, एअरबॅगचं नाव नव्हतं. आणि ही रचना इतकी वर्षं बदलली नाही याचं कारण कुणाचं शहाणपण नव्हतं. परमिट राजमध्ये गिऱ्हाइकाला अ‍ॅम्बॅसेडर, फियाट किंवा स्टँडर्ड एवढंच मिळायचं. वर्षानुवर्षं नंबर लावून थांबणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, की बाबा खुंटी कुठे हवी.

पण या आळसातून एक गोष्ट आपोआप साधली. पस्तीस-एक वर्षं शहरातल्या जवळजवळ प्रत्येक टॅक्सीत प्रत्येक खुंटी त्याच जागी होती. मुंबईत एक टॅक्सी बहुतेकदा दोघं चालवत, एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला. मालक वेगळा, बदली ड्रायव्हर वेगळा. आज या गाडीवर, उद्या त्या गाडीवर. कुणालाही नवीन गाडी शिकावी लागली नाही. अनेकांना इंग्रजी वाचता येत नसे, काहींना कुठलीच लिपी येत नसे. त्या डॅशबोर्डवर वाचण्यासारखं फारसं काही नव्हतंच. आणि एखादी खुंटी तुटलीच, तर कलिन्याच्या सीएसटी रोडवर जुनी मिळायची, दुपारच्या आत बसायची.

मीटर पाडणं

टॅक्सी-रिक्षाचा खरा डॅशबोर्ड मात्र गाडीच्या बाहेर होता. मीटर.

यांत्रिक मीटर गाडीच्या डाव्या अंगाला, बाहेर बसवलेलं असायचं. वर एक पत्र्याचा झेंडा. उभा असला तर गाडी रिकामी, पाडला तर भाड्यावर. टॅक्सीवाला डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून तो पाडायचा. ड्रायव्हरच्या सोयीनं बघितलं तर ही जागा अगदीच गैरसोयीची. पण ते यंत्र एकट्या ड्रायव्हरसाठी नव्हतंच. फुटपाथवर उभ्या माणसाला लांबून कळायला हवं की गाडी रिकामी आहे, आत बसणाऱ्याला दिसायला हवं की मीटर खरंच पडला आहे, आणि ट्रॅफिक हवालदारालाही दिसायला हवं. तिघांनाही तो एकच झेंडा पुरायचा. ‘मीटर पाडा’ हा शब्दप्रयोग त्या हालचालीतून आला आणि हालचाल गेल्यावरही राहिला.

या मीटरचा दोष आकड्यांत होता. भाडं वाढलं की यंत्रातली चाकं बदलणं शक्य नसे. मग मीटर जुनेच पैसे दाखवायचं आणि खरं भाडं काढायला कार्ड बघायचं. मीटरवर थोडे रुपये, कार्डावर त्याच्या अनेक पट. नव्या माणसाला हा हिशेब कळत नसे, भांडणं होत. गाडीतलं उपकरण जे दाखवतं आणि जे खरं आहे त्यात फरक पडला, की मधे दलाल शिरतो. इथे ते कार्डच दलाल होतं, आणि काही वेळा कार्डही बनावट निघायचं.

२०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचं झालं. आता आकडा सरळ रुपयांत येतो, कार्ड लागत नाही. सामान्य प्रवाशासाठी ही खरी सुधारणा आहे, यात मला शंका नाही. पण मीटर आत गेलं, झेंडा गेला, आणि टॅक्सी रिकामी आहे का हे लांबून कळेनासं झालं. मग टपावर रंगीत दिवे लावायची योजना आली. उभा झेंडा जे फुकट सांगायचा, ते सांगायला नवं उपकरण लागलं. डिझाइनमध्ये असं नेहमी होतं. जुन्या वस्तूचं एक काम आपल्याला दिसतं, बाकीची ती गेल्यावर कळतात.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, हँडलवर

उपनगरात राहणाऱ्या आपल्याला टॅक्सीपेक्षा रिक्षा जवळची. वांद्रे आणि सायनच्या पलीकडे दक्षिणेला तिला बंदी आहे, त्यामुळे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हेच तिचं राज्य. तिच्यात स्टिअरिंग नाही, स्कूटरचं हँडल आहे. डावी मूठ दाबली की क्लच, तीच फिरवली की गिअर. उजवी मूठ फिरवली की वेग. ब्रेक उजव्या पायाखाली. जुन्या रिक्षात सुरू करायला शेजारी एक दांडी असायची, ती डाव्या हातानं जोरात वर ओढायची.

पुढच्या वेळी रिक्षात बसाल तेव्हा फोन खाली ठेवा आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर फक्त त्या दोन मुठींकडे बघा. मधल्या एका खड्ड्यापासून पुढच्या सिग्नलपर्यंत कितीतरी वेळा गिअर बदलतो आणि चालवणारा एकदाही हाताकडे बघत नाही. तो बघतो आरशात, बसच्या मागच्या चाकाकडे, रस्ता ओलांडणाऱ्या पोराकडे. आपल्या रस्त्यावर नजरेला आधीच खूप काम आहे. हातांनी हातांचं काम केलं तरच ते जमतं.

बॉम्बर विमानातला धडा

हे ज्ञान पहिल्यांदा नीट मांडलं गेलं ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेचे बी-१७ बॉम्बर धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि मग पोटावर आपटत. चौकशीत वैमानिकाची चूक असं लिहिलं जाई. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट बघितलं तर पंखाच्या फ्लॅपचा आणि चाकं वर घेण्याचा दांडा शेजारी शेजारी, अगदी एकसारखे. दमलेला वैमानिक फ्लॅप उचलायला जायचा आणि चाकं उचलायचा. चॅपॅनिसनं उपाय सुचवला: चाकाच्या दांड्याला रबराचं छोटं चाक लावा, फ्लॅपच्या दांड्याला पाचरीसारखा तुकडा. हाताला फरक कळला आणि तसे अपघात थांबले. आजही विमानात चाकांचा दांडा चाकाच्या आकाराचा असतो.

पुढे मोटारींनीही हे शिकून घेतलं. इंडिकेटर आणि वायपर बोटांच्या टप्प्यात, धोक्याच्या दिव्याला लाल त्रिकोण, इंजिन तापल्याचं चिन्ह कुठल्याही देशात तेच. ही चिन्हं आयएसओ २५७५ या मानकात बांधलेली आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा आपल्याकडे गिअर खाली, दोन सीटच्या मध्ये आला. पद्मिनीवर हात बसलेल्यांना सवय मोडावी लागली, पण एकदाच. त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत कुठल्याही कंपनीची छोटी गाडी घ्या, एसीसाठी तीन गोल खुंट्या: एक वाऱ्याची, एक थंड-गरमची, एक दिशेची. चाचपून सापडायच्या.

काच आली

मोटारीत टचस्क्रीन आणायचा पहिला मोठा प्रयत्न १९८६ चा आहे. ब्युइक रिव्हिएरा या अमेरिकी गाडीत टीव्हीसारखा छोटा पडदा होता, त्यावर बोट ठेवून एसी आणि रेडिओ चालवायचा. रेडिओ लावायलाही पडद्याकडे बघावं लागतं अशी तक्रार तेव्हाच झाली आणि काही वर्षांत कंपनीनं तो काढून टाकला.

मग २००७ मध्ये आयफोन आला आणि काचेवर बोट फिरवणं म्हणजे नवेपणा असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसमध्ये सतरा इंचांचा पडदा होता. बाकीच्यांनी वाट पकडली. आपल्याकडे २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये दोन मोठे पडदे एका काचेखाली आले, आणि २०२४ च्या एक्सईव्ही ९ई मध्ये सव्वाबारा इंचांच्या आसपासचे तीन, एका ओळीत, शेजारी बसणाऱ्यासाठीसुद्धा एक. २०२३ च्या नव्या टाटा नेक्सॉनमध्ये एसीची बहुतेक बटणं जाऊन गुळगुळीत टच पॅनेल आलं.

कंपन्या हे का करतात याची कारणं सरळ आहेत. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, तपासणी लागते. पडदा एकदा बसवला की बटणं सॉफ्टवेअरमध्ये हवी तेवढी काढता येतात आणि गाडी विकल्यावरही बदलता येतात. शिवाय शोरूममध्ये मोठा पडदा डोळ्यांत भरतो. शोरूममध्ये गाडी उभी असते, हे मात्र विसरून चालत नाही.

गाडी चालू असताना काय होतं, ते २०२२ मध्ये वी बिलेगारे या स्वीडिश मासिकानं मोजलं. त्यांनी अकरा नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्वो विमानतळाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरनं चालवली. तापमान बदलणं, रेडिओ स्टेशन लावणं अशी चार साधी कामं. चालवणाऱ्यांना आधी सराव करू दिला होता. जुन्या व्होल्वोत सगळं दहा सेकंदांत झालं, तोवर गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात हळू ठरलेल्या एमजीच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले, म्हणजे १३७२ मीटर.

आपल्याकडे कुणी ताशी ११० नं जात नाही असं म्हणाल. पश्चिम द्रुतगती मार्गावर रात्री ताशी साठ धरा. दोन सेकंद नजर खाली गेली की गाडी ३३ मीटर जाते, लोकलच्या दीड डब्याइतकी. तेवढ्या अंतरात दिवा नसलेली मोटारसायकल असू शकते.

जहाजांवरही हेच झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी नौदलाचं जॉन एस. मकेन हे जहाज सिंगापूरजवळ एका टँकरला धडकलं आणि दहा खलाशी गेले. कारणांमध्ये टचस्क्रीनवरच्या नियंत्रणांबद्दलचा गोंधळ होता. २०१९ मध्ये नौदलानं या जातीच्या जहाजांवर वेगाचे खरे दांडे परत बसवायचं ठरवलं.

कायदा कुठे बघतो

आपला कायदा या बाबतीत एका डोळ्यानं बघतो. गाडी चालवताना हातात फोन धरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग आहे, २०१९ च्या दुरुस्तीनं ते स्पष्ट केलं. २०२० च्या नियमानं रस्ता बघण्यापुरता फोन चालतो, लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. जुलै २०१९ पासून नव्या गाडीला सीटबेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा सक्तीचा, म्हणूनच ताशी ८० ओलांडली की ती बीप ऐकू येते. पण सहा इंचांचा फोन हातात घेतला तर दंड, आणि बारा इंचांचा पडदा कंपनीनंच बसवला तर ते ‘फीचर’. त्या पडद्यावर एसी किती पायऱ्या आत लपवावा याला मर्यादा नाही.

लायसन्सच्या परीक्षेतही हे येत नाही. अंधेरीला द्या, बोरिवलीला द्या किंवा वडाळ्याला, तुम्हाला हातानं वळण्याची खूण विचारतील, पाट्या विचारतील. शिकता ती गाडी एक आणि नंतर घेता ती दुसरी, आणि दोन्हींच्या पडद्यांत काही साम्य नसतं. पद्मिनीच्या काळातला बदली ड्रायव्हर गाडी बदलली तरी शिकत बसत नव्हता. आजचा अ‍ॅपवर गाडी चालवणारा माणूस भाड्याची गाडी बदलतो तेव्हा त्याला नवी काच शिकावी लागते, शिवाय समोर स्टँडवर स्वतःचा फोन, त्यावर पंधरा सेकंदांत स्वीकारायचं भाडं. मेनू बहुतेकदा इंग्रजीत. या सगळ्याचा त्रास सर्वांत जास्त त्याला, कारण तो दिवसाचे बारा तास त्या काचेसमोर असतो. गाडी बनवणाऱ्यांच्या मनात जो गिऱ्हाईक असतो तो तासभर चालवणारा.

युरोपात वारं फिरलं आहे. तिथल्या एनकॅप या सुरक्षा तपासणीनं २०२६ पासून ठरवलं, की इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि मदतीची हाक यांना खरी बटणं किंवा दांड्या नसतील तर पूर्ण गुण नाहीत. फोक्सवॅगननं आवाज, तापमान अशी नेहमीची बटणं परत आणायचं जाहीर केलं आहे. आपली भारत एनकॅप २०२३ मध्ये सुरू झाली. तिचा भर टक्कर झाल्यावर आतल्या माणसांचं काय होतं यावर आहे, आणि त्याची इथे गरज होतीच. टक्कर होण्याआधी ड्रायव्हर कुठे बघत होता हा प्रश्न तिनंही विचारावा असं मला वाटतं.

पडदा काढून टाका असं मी म्हणत नाही. मागचा कॅमेरा आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये खरोखर जीव वाचवतो, आणि मुलुंडहून बोरिवलीला जाताना घोडबंदर रोड तुंबलाय का हे नकाशाच सांगतो. जे गाडी उभी असताना लागतं किंवा नुसतं बघायचं असतं, ते काचेवर असू दे. जे चालत्या गाडीत बदलायचं असतं, त्याला हाताला लागेल अशी वस्तू हवी. कुर्ल्याच्या कारखान्यात ही विभागणी कुणी विचार करून केली नव्हती, त्यांच्याकडे काचच नव्हती. आता काच आहे, त्यामुळे विचार करावा लागेल.

तुमच्यापैकी अनेकजण येत्या काही वर्षांत पहिली गाडी घ्याल. शोरूममधला माणूस पडदा किती इंचांचा ते सांगेल, गाणी लावून दाखवेल. त्याला दोन मिनिटं थांबवा. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेकडे नजर ठेवा आणि ती न हलवता चार गोष्टी करून बघा: धोक्याचे दिवे लावा, वायपर जोरात करा, काचेवरचं धुकं घालवा, आवाज बंद करा. पावसाळ्यात पवईच्या चढावर या चारही एकदम कराव्या लागतात.